कुत्र्याचं तोंड उघडून बघा

खरसुंडीच्या जत्रेत खिलार घ्यायला गेलेला माणूस शिंगांवर भुलून पैसे मोजत नाही. आधी तो बैलाचं तोंड उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला, हे डोळ्यांनी बघून आणि बोटानं चाचपून घेतो, मगच उपरण्याखाली हात जातो. आपल्या वाळवा तालुक्यात हे शिकवावं लागत नाही. म्हशीनं वैरण टाकली, तोंडातून लाळ गळायला लागली, की लाळ्या-खुरकूत तर नाही ना म्हणून घरातली बाईमाणसंसुद्धा जीभ बाहेर ओढून बघतात. पण त्याच गोठ्याच्या दारात दहा-बारा वर्षं राखण करणाऱ्या कुत्र्याचं तोंड आपण जन्मात एकदाही उघडून बघत नाही. ईश्वरपूर, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूर शहरात आता घरोघरी लॅब्राडोर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड आले. त्यांना शांपू आहे, गळ्यात पट्टा आहे, वाढदिवसाला केकही आहे. तोंडाच्या आत मात्र त्यांच्याही कुणी बघत नाही.

हे लिहायला बसलो ते याचसाठी. कुत्र्याच्या तोंडात गाठ होते. ती कर्करोगाचीही असू शकते. लहान असताना सापडली तर जबड्याच्या हाडाच्या तुकड्यासकट ती काढता येते, आणि कुत्रं त्यानंतर खातं, भुंकतं, दारात बसतं. उशिरा सापडली तर चांगल्यातला चांगला सर्जनही फार काही करू शकत नाही. मधला जो वेळ जातो तो कुत्र्यामुळं जात नाही, आपल्यामुळं जातो.

आमच्या घरच्या कुत्रीच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा ‘म्हातारी झाली, दात किडले असतील’ असं म्हणून मी दोन महिने काढले. मग एक दाढ हलायला लागली. एका दवाखान्यात ती काढली, शेजारचा मांसाचा वाढलेला भागही कापला आणि कापलेला तुकडा कचऱ्याच्या बादलीत गेला. तो तपासायला पाठवा, असं तिथं कुणी म्हटलं नाही आणि मलाही सुचलं नाही. दाढेची जागा भरून आली नाही. सहा आठवड्यांत तिथूनच मांस पुन्हा वर आलं, पहिल्यापेक्षा मोठं. पुढं जे झालं ते इथं सांगत बसत नाही. त्या बादलीतल्या तुकड्यानं मला जे शिकवलं तेवढं सांगतो.

वास हे पहिलं लक्षण, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही त्याकडंच. कुत्र्याच्या तोंडाला थोडा वास असतोच. पण जवळ आल्यावर आपण मान फिरवावी असा कुजका वास येऊ लागला तर त्याला कारण असतं. लाळेत रक्ताचा धागा दिसणं, पाण्याच्या भांड्यात तांबूस रंग उतरणं, एकाच बाजूनं चावणं, भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन परत खाली टाकणं, पूर्वी हाडावर तुटून पडणाऱ्या कुत्र्यानं हाड हुंगून सोडून देणं, ही सगळी लक्षणं आहेत. एका बाजूचा गाल किंवा नाकाचा वरचा भाग फुगतो, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा शेंबूड येतो, एक डोळा पुढं आल्यासारखा दिसतो. बाकीचं तोंड निरोगी असताना एकच दात हलायला लागला, तर तो दात नुसता उपटून घेऊ नका. तो का हलतोय, हे आधी विचारा. आतून हाड पोखरलं जात असलं की दात असा सुटतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट होते. ऊस गाळपाच्या दिवसांत कुत्री चिपाडं चघळतात. उसाचं चिपाड किंवा हाडाची कपची टाळूवर आडवी दातांच्या दोन रांगांत अडकते. कुत्रं पंजानं तोंड खाजवतं, लाळ गाळतं, दोन दिवसांत वास सुटतो. हे गाठीसारखं वाटतं आणि निघतं मात्र चिमट्यानं पाच मिनिटांत. म्हणून घाबरून जायचं नाही. बघायचं.

बघण्याआधी एक सांगतो, आणि हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, पाणी गिळता न येणं ही पिसाळलेल्या कुत्र्याचीही लक्षणं आहेत. कुत्रं गल्लीतलं असेल, रेबीजची लस झाली की नाही हे माहीत नसेल, किंवा दोन-चार दिवसांत त्याचं वागणं एकदम बदललं असेल, तर घशात हाड अडकलंय म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. लाळ हाताच्या जखमेला किंवा डोळ्याला लागली असेल, चावा किंवा ओरखडा असेल, तर साबण आणि वाहतं पाणी लावून (डोळा मात्र नुसत्या पाण्यानं) पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. पुढं सांगतो ते घरच्या, ओळखीच्या आणि दरवर्षी लस होणाऱ्या कुत्र्यासाठीच.

त्याला शेजारी बसवा. एका हातानं वरचा ओठ उचला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. हिरड्या दिसतील, दाढा दिसतील. मग वरच्या सुळ्यांच्या मागं अंगठा आणि बोट ठेवून डोकं थोडं वर करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचे पुढचे दात हलके दाबा. तोंड उघडतं. घरातल्या कुणाला तरी मोबाईलची बॅटरी धरायला सांगा. टाळू बघा, जिभेच्या दोन्ही कडा बघा, जीभ उचलली गेली तर तिच्या खाली बघा. शेवटी जबड्याच्या कोनाखाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपा. तिथल्या गाठी एका बाजूला मोठ्या लागतात का, ते कळतं. महिन्यातून एकदा हे करायला दोन मिनिटं पुरतात. पिल्लू असल्यापासून सवय लावली तर ते हूं की चूं करत नाही. गुरगुरत असेल तर जबरदस्ती करू नका, ते डॉक्टरांवर सोडा.

पुष्कळ कुत्र्यांच्या हिरड्या, टाळू, जीभ जन्मतः काळी किंवा ठिपक्यांची असते. सपाट काळा डाग वर्षानुवर्षं तसाच असेल तर तो रंग आहे, रोग नाही. भीती उंचवट्याची आहे. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं धरा. ते नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तसाच फोटो काढला की वाढ किती झाली ते कळतं. पण पंधरा दिवस थांबायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तर. आपल्या मनानं नाही.

तोंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. वर्षभराच्या आतल्या पिल्लाच्या ओठांवर, जिभेवर फुलकोबीसारखे बारीक चामखीळ उगवतात. ते विषाणूचे असतात आणि बहुधा एक-दोन महिन्यांत आपोआप गळून जातात. हिरडीतून वर येणारी टणक, गुळगुळीत वाढ, जिला डॉक्टर इप्युलिस म्हणतात, तीही पुष्कळदा निरुपद्रवी असते.

आपल्या भागात, जिथं कुत्री मोकळी फिरतात, तिथं आणखी एका गाठीचं नाव माहीत असायला हवं. तिला टीव्हीटी म्हणतात. ही गाठ एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडं जाते. विषाणू नाही, जिवाणू नाही, कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर रुजतात. प्रामुख्यानं संगातून जाते, पण हुंगण्या-चाटण्यातून नाकात आणि तोंडातही होते. १८७६ साली रशियात नोविन्स्की नावाच्या पशुवैद्यानं हीच गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. आज जगभर जी टीव्हीटी दिसते ती हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाढ आहे. दिसायला ती भयंकर असते, लालबुंद, कोबीच्या गड्ड्यासारखी, रक्त ठिबकणारी. लोक बघतात आणि ‘याचं आता संपलं’ म्हणून कुत्र्याला उसाच्या फडात सोडून येतात. खरं तर कर्करोगांमध्ये इतका बरा होणारा दुसरा क्वचितच असेल. व्हिनक्रिस्टिन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, बहुधा चार ते सहा वेळा, आणि गाठ विरघळून जाते. चिरफाडीचीही गरज सहसा पडत नाही. दर वेळी रक्त तपासावं लागतं आणि मधले हप्ते चुकवायचे नाहीत. दोन इंजेक्शनांत गाठ लहान दिसली म्हणून थांबलात तर ती परत येते. औषध दिल्यावर काही दिवस त्याचं मूत्र आणि विष्ठा हातमोजे घालून साफ करा. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी हा या रोगावरचा खरा बंदोबस्त आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे, तेव्हा नगरपालिकेकडं ती मागायला संकोच करू नका.

आता उरल्या त्या वाईट गाठी. कुत्र्याच्या तोंडात सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग मेलानोमा. तो बहुधा म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो, बऱ्याचदा काळा असतो, पण साधारण तिसरा हिस्सा मेलानोमा काळे नसतात, गुलाबीच असतात. म्हणून ‘काळी नाही म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. त्याचा धोका असा की तो मानेच्या गाठींत आणि फुप्फुसांत लवकर उतरतो. याच रोगासाठी मापाला महत्त्व आहे. दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे त्या दहाच्या नाण्यापेक्षा बराच लहान असताना काढला, तर निम्मी कुत्री दीड वर्षाच्या आसपास किंवा त्यापुढं जगलेली जुन्या अभ्यासांत दिसतात. चार सेंटिमीटरच्या पुढं गेला किंवा मानेत उतरला, तर तोच आकडा तीन महिन्यांवर येतो. रोग तोच असतो आणि शस्त्रक्रियाही तीच. फरक फक्त कधी बघितलं याचा.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा दुसरा. माणसाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा याच जातीचा असतो. मिश्री-तंबाखूनं आपल्या घरांत जे केलं ते आपण जाणतोच. कुत्रं तंबाखू खात नाही, तरी त्याला हा होतो. मात्र कुत्र्यात, विशेषतः खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात असेल, तर तो हळू पसरतो आणि हाडासकट पूर्ण निघाला तर बहुतेक कुत्री वर्षानंतरही धडधाकट असतात. टॉन्सिलमधला मात्र फार वाईट. तिसरा फायब्रोसार्कोमा. तो दूर कमी पसरतो, पण जागच्या जागी पुन्हा उगवतो. आणि चौथी एक गाठ आहे, अमेलोब्लास्टोमा. ती फुप्फुसात जात नाही, कुठंच जात नाही, फक्त जबड्याचं हाड खात राहते. तिच्याभोवतीचं एक सेंटिमीटर निरोगी हाड धरून काढली की ती बहुधा परत येत नाही. कुत्रं बरं झालं, असं डॉक्टरांना जवळपास छातीठोक सांगता यावं अशी ही गाठ. आणि नेमकी हीच गाठ लोक ‘जबडा कापायचा म्हणे’ या भीतीनं सोडून देतात. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

या सगळ्या गाठी बाहेरून एकसारख्या दिसू शकतात. अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेनं सांगू शकत नाहीत, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुकडा काढून तपासणीला पाठवणं, बायोप्सी, याला पर्याय नाही. ती हलक्या भुलीत होते. तुकडा तोंडाच्या आतूनच घ्यायचा असतो, ओठाच्या बाहेरून चीर देऊन नव्हे, कारण ती वाट पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकावी लागते. तुकडा फॉर्मलीनमध्ये जातो आणि आठ-दहा दिवसांत अहवाल येतो. ‘बायोप्सी केली की कॅन्सर चेकाळतो’ हे आपल्याकडं माणसांच्या बाबतीतही बोललं जातं. ते खरं नाही. चेकाळतो तो न तपासता अर्धवट कापल्यानं. म्हणून कुठल्याही दवाखान्यात तोंडातली गाठ कापली जात असेल तर तुम्हीच म्हणा, डॉक्टर, हा तुकडा तपासायला पाठवायचा. पैसे मी भरतो.

सांगलीची हळद जगात जाते, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. जखमेवर हळद दाबणं आपल्या हाडामाशात आहे. पण तोंडातली गाठ हळदीनं विरघळत नाही. तुरटीनं नाही, चुन्यानं तर नाहीच. चुन्यानं तोंड भाजतं. आणि एक कळकळीचं: कुत्र्याला दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात, मूत्रपिंड बंद पाडतात. पॅरासिटामॉलही आपल्या मापानं दिलं तर यकृताला मारतं. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात, ती डॉक्टर वजन करून देतात.

जायचं कुठं? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तरी पहिली तपासणी तिथंही होते, खासगी डॉक्टरही आहेत. पण जबड्याची शस्त्रक्रिया हे रोजचं काम नव्हे. त्यासाठी आपल्याला महामार्गानं वर जायचं. पेठ नाक्यावरून कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, आणि पुढं शिरवळ. तिथं १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचं. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आपल्याच वाळवा तालुक्याचे. आपल्या माणसाच्या नावाचं जनावरांचं महाविद्यालय या वाटेवर आहे आणि आपल्यातल्या कितीजणांना ते ठाऊकच नसतं. आधी फोन करून कुठल्या दिवशी सर्जन असतात ते विचारून निघा. तिथून पुढची सोय हवी असेल तर पुणं आहे, मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे आणि १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरकारी महाविद्यालयात खर्च खासगीच्या मानानं कमी येतो. कुठंही गेलात तरी आधी अंदाज विचारा. खर्चाचं बोलायला लाजू नका, डॉक्टरांना त्याची सवय असते आणि पुष्कळदा ते मधला मार्ग सुचवतात.

शस्त्रक्रियेआधी छातीचे एक्स-रे काढतात, तीन बाजूंनी, फुप्फुसात काही उतरलंय का बघायला. मानेच्या गाठीतून सुईनं पेशी काढून बघतात. जमलं तर सिटी स्कॅन. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंड-यकृत तर बघतातच, पण आपल्या भागात गोचीड तापाची तपासणी जरूर करून घ्या. गोचिडांमुळं होणाऱ्या या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आधी त्यावर उपचार, मग शस्त्रक्रिया.

आता त्या भीतीकडं येतो. जबडा काढणार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. पण सबंध जबडा क्वचितच काढावा लागतो. गाठ पुढच्या दातांपाशी असेल तर हनुवटीचा पुढचा भाग, बाजूला असेल तर त्या बाजूचा तुकडा, वरच्या जबड्यात असेल तर दाढांसह टाळूची एक पट्टी. पूर्ण भूल देतात, श्वासनळीत नळी असते, शिवाय जबड्याची नस बधिर करतात म्हणजे जाग आल्यावर कळा कमी येतात. हाड काढल्यावर तिथं लोखंडाची पट्टी वगैरे बसवत नाहीत. ओठाची आणि गालाची आतली त्वचा ओढून टाके घालतात आणि हे टाके आपोआप विरघळतात.

माणसाचं जेवण, बोलणं, चारचौघांत वावरणं तोंडावर अवलंबून असतं, म्हणून माणसाला जबडा गेल्याचं दुःख मोठं. कुत्र्याला आरशात बघायचं नसतं. त्याला रोज ठणकणारा, कुजणारा भाग गेला एवढंच कळतं. बहुतेक कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःहून खातात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेल्या २७ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं. त्यातल्या शंभरात ८५ जणांनी आपण समाधानी आहोत, असं सांगितलं.

घरी आणल्यावरचे पहिले दोन आठवडे मात्र तुमचे. तिसऱ्या दिवसापर्यंत तोंड सुजतं, लाळेत रक्त येतं, हे धरूनच चाला. गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं काढायचा मोह टाळा. पंजाचा एक फटका आणि टाके उसवतात. खायला मऊ द्यायचं, पण पातळ पाणी नको. कुस्करलेला भात, दुधाऐवजी साध्या वरणात किंवा सुपात भिजवून मळलेली भाकरी, उकडलेलं अंडं, बिनहाडाची कोंबडी बारीक करून, आणि या सगळ्याचे लिंबाएवढे गोळे. जबडा कमी झालेल्या कुत्र्याला चाटून पिण्यापेक्षा गोळा उचलणं सोपं जातं. पहिले एक-दोन दिवस हातानं भरवा. घरातला तांबडा-पांढरा रस्सा द्यायचा नाही. तिखटाचं सोडा, कांदा आणि लसूणच कुत्र्याच्या रक्ताला विष आहे. पाण्याचं भांडं खोल आणि काठोकाठ भरलेलं ठेवा. खाल्ल्यावर पाण्यानं तोंड हलकं धुवा, घासू नका. हाड, काठी, दोरी, चेंडू महिनाभर बंद, आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर प्रेमानं कुणीतरी नळीचं हाड घालतं. गोळ्या पूर्ण संपवा. दोन आठवड्यांनी दाखवायला जाच.

काही गोष्टी कायमच्या बदलतात. जीभ एका बाजूनं बाहेर राहील, लाळ थोडी जास्त गळेल, गळ्याखालची त्वचा ओली राहून तिथं पुरळ येऊ शकतं म्हणून ती पुसून कोरडी ठेवा. खालचा एका बाजूचा जबडा काढला असेल तर उरलेला सरकतो आणि सुळा टाळूला टोचू शकतो. टोचत असेल तर तो सुळा कापून घेता येतो. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि खाताना नाकातून अन्न किंवा पाणी यायला लागलं, तर टाके उसवून तोंड आणि नाक यांत भोक पडलंय. ते पुन्हा शिवावं लागतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही, ताप आला, रक्त थांबत नाही, पुन्हा कुजका वास आला, तर फोनवर विचारत बसू नका, घेऊन जा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तोंड आणि छाती तपासून घ्या.

आणि सगळ्यांचीच शस्त्रक्रिया करावी असं मी म्हणणार नाही. फुप्फुसांत पसरलेलं असेल, कुत्रं चौदा वर्षांचं आणि मूत्रपिंडानं खचलेलं असेल, तर त्याला टेबलावर घेण्यापेक्षा दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या, मऊ खाणं आणि आपल्या पायांशी जागा द्यावी. जेव्हा ते खाईनासं होतं, आपल्या हाकेला शेपूट हलवत नाही, तेव्हा डॉक्टरांकडून शांतपणे झोपवून घ्यावं. फडात, नाक्यावर किंवा दुसऱ्याच्या गावात सोडून येऊ नये. दहा वर्षं ज्यानं दार राखलं त्याचा शेवट दारातच व्हावा, एवढा त्याचा हक्क आहे. पण हा निर्णयही अहवाल हातात आल्यावर घ्यायचा. न तपासता ‘कॅन्सरच असणार’ म्हणून हात वर करणाऱ्यांनी किती टीव्हीटीची आणि किती अमेलोब्लास्टोमाची कुत्री हकनाक गमावली असतील, याचा हिशेब कुणाकडंच नाही.

आज संध्याकाळी त्याला भाकरी घालायच्या आधी दोन मिनिटं काढा. ओठ उचला, टाळू बघा, जिभेच्या कडा बघा. काहीच नसेल तर भाकरी घाला आणि पुढच्या महिन्याची आजचीच तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. उंचवटा दिसला तर दहाचं नाणं शेजारी धरून फोटो काढा, हळदीच्या डब्याला हात लावू नका, आणि उद्या सकाळी दवाखाना उघडेल तेव्हा दारात उभे राहा. तिथं पहिलं वाक्य एवढंच म्हणा: डॉक्टर, याचा तुकडा तपासायला पाठवायचा आहे.